राज्याच्या दर्जासाठी कोण झटलं? अलास्का आणि हवाईबद्दल वाचकांचे प्रश्न

अलास्का आणि हवाई १९५९ साली अमेरिकेची ४९वी आणि ५०वी राज्यं कशी झाली, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकच होता : वॉशिंग्टनमधल्या कुठल्या नेत्यांनी या प्रदेशांना खरी साथ दिली? निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : श्रेय कुणाला द्यायचं, अध्यक्ष ट्रुमन यांना की त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवर यांना?

मनापासूनचा पाठिंबा पाहिला तर ट्रुमन यांना. १९४६च्या जानेवारीतच त्यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, दोन्ही प्रदेशांची बाजू मांडली आणि १९४८मध्ये अलास्कासाठी खास संदेश पाठवला. १९५०च्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, दोन्ही विधेयकं मंजूरही केली. ती सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, अडकली आणि तिथेच संपली.

आयझेनहॉवर यांचं तसं नव्हतं. १९५३च्या पहिल्या वार्षिक भाषणात त्यांनी हवाईला लवकर राज्य करा असं सांगितलं, अलास्काचं नावही काढलं नाही. हवाई रिपब्लिकनांकडे झुकलेलं आणि अलास्का डेमोक्रॅटांकडे, असा तेव्हाचा हिशेब होता. शिवाय अलास्काच्या उत्तरेकडचा मोठा भाग संरक्षणासाठी केंद्राच्या हाती राहावा, असं त्यांना वाटत होतं. तरीही दोन्ही विधेयकांवर सही त्यांचीच आहे, आणि ती होण्यामागे त्यांचे गृहखात्याचे मंत्री फ्रेड सीटन होते. (अमेरिकेत हे खातं पोलीस नव्हे, तर जमीन आणि प्रदेश सांभाळतं.) सीटन थोडा काळ नेब्रास्काचे सिनेटर होते आणि सिनेटमधलं त्यांचं पहिलं भाषणच अलास्काच्या बाजूने होतं. मंत्री झाल्यावर त्यांनी तोड काढली : नकाशावर पोर्क्युपाइन, यूकॉन आणि कस्कोक्विम नद्यांच्या आधाराने एक रेषा ओढायची. तिच्या उत्तर-पश्चिमेची जमीन गरज पडल्यास अध्यक्षांना संरक्षणासाठी ताब्यात घेता येईल, पण राज्य मात्र अख्ख्या अलास्काचं होईल. अध्यक्षांची हरकत मिटली. माझ्या मते ट्रुमन यांच्या सगळ्या संदेशांपेक्षा ही एक रेषा अलास्काच्या जास्त कामी आली.

प्रश्न : नुसता ‘प्रदेश’ असण्यात एवढं काय वाईट होतं? संरक्षण मिळत होतं, पैसाही येत होता.

कर भरायचा आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाणार. प्रतिनिधीगृहात एक प्रतिनिधी बसायचा. त्याने बोलावं, पण मतदान करू नये.

कागदावर हे कोरडं वाटतं. अलास्काच्या किनाऱ्यावर ते डोळ्यांना दिसायचं. सामन मासा अंडी घालायला नदीकडे निघाला की काठाकाठाने पोहतो. कंपन्या किनाऱ्यापासून आत समुद्रात लाकडी खांबांची आणि जाळीची लांबलचक भिंत उभारत. मासा भिंतीला अडला की खोल पाण्याकडे वळे आणि सरळ सापळ्याच्या पोटात शिरे. ना होडी लागे, ना फारसे हात. हे सापळे बहुतांशी बाहेरच्या डबाबंद मासळीच्या कंपन्यांचे, आणि मासेमारीचे नियम वॉशिंग्टनमध्ये ठरायचे. स्थानिक कोळ्याने तक्रार करायची कुणाकडे? म्हणूनच १९५६ साली राज्यघटनेला मंजुरी देताना अलास्काच्या मतदारांनी त्याच मतदानात सापळेबंदीचा ठरावही पास केला. राज्य अजून मिळायचं होतं, पण पहिलं काय करायचं हे ठरलेलं होतं.

प्रश्न : राज्य होण्याआधीच अलास्काने सिनेटर निवडून पाठवले, हे खरं?

खरं आहे. याला ‘टेनेसी योजना’ म्हणत, कारण १७९६ साली टेनेसीने हेच केलं होतं. १९५६मध्ये अर्नेस्ट ग्रुनिंग आणि विल्यम ईगन सिनेटसाठी, राल्फ रिव्हर्स प्रतिनिधीगृहासाठी निवडले गेले. ईगन तर कुटुंबाला घेऊन मोटारीने वॉशिंग्टनला निघाले. १९५७च्या जानेवारीत फ्लोरिडाचे सिनेटर स्पेसर्ड हॉलंड यांनी सभागृहाला त्यांची ओळख करून दिली. बसायला मात्र गॅलरीच मिळाली. पण तिघंही परत फिरले नाहीत, खासदारांच्या भेटी घेत राहिले. हॉलंड दक्षिणेचे होते, हे लक्षात ठेवा; पुढच्या उत्तरातल्या विरोधाला ते अपवाद होते.

प्रश्न : दक्षिणेकडच्या खासदारांचा विरोध एवढा कडवा का? आणि तो मोडला कसा?

हवाईत बहुसंख्य लोक आशियाई आणि मूळ हवाईयन वंशाचे. तिथून येणारे सिनेटर नागरी हक्कांच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांना समान हक्क देण्याच्या, बाजूने मत देणार, ही मिसिसिपीचे ईस्टलंड आणि साउथ कॅरोलिनाचे थरमंड यांच्यासारख्यांची धास्ती होती. अलास्काचे दोन सिनेटरही त्याच बाजूला जातील ही भीती. कम्युनिस्टांचा धोका, अंतर, लोकसंख्या ही कारणं चारचौघांत सांगण्यापुरती बरी होती.

विधेयक अडवण्याची खरी जागा होती प्रतिनिधीगृहाची नियम समिती. समितीचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ. कुठलं विधेयक चर्चेला येणार हे ही समिती ठरवे, आणि स्मिथ अलास्काचं विधेयक नुसतं दाबून बसले. १९५८च्या मे महिन्यात समर्थकांनी एक जुना नियम बाहेर काढला : नव्या राज्याचं विधेयक ‘विशेषाधिकाराचं’ असतं, ते समितीला वळसा घालून थेट सभागृहात आणता येतं. सभापती सॅम रेबर्न स्वतः आधी विरोधात होते. त्यांनी निर्णय समर्थकांच्या बाजूने दिला. २८ मे रोजी विधेयक पास झालं.

पुढची चाल मला त्याहून महत्त्वाची वाटते. सिनेटने एका शब्दाचाही बदल केला असता तर विधेयक प्रतिनिधीगृहात परत गेलं असतं आणि पुन्हा स्मिथ यांच्या तावडीत सापडलं असतं. म्हणून वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर हेन्री जॅक्सन अडून बसले : एकही दुरुस्ती नको. ज्यांना दुरुस्त्या मनापासून हव्या होत्या त्या मित्रांनाही गप्प बसवावं लागलं. ३० जूनला ६४ विरुद्ध २० मतांनी ते मंजूर झालं. भाषणं शेकड्यांनी झाली होती. राज्य मिळालं ते कामकाजाचे नियम तोंडपाठ असलेल्या या मोजक्या माणसांमुळे.

वंशाचा मुद्दा किती खोल होता याची एक आठवण. १९५९च्या ऑगस्टमध्ये राज्य झालेल्या हवाईचे पहिले प्रतिनिधी डॅनियल इनोये शपथेला उभे राहिले. रेबर्न म्हणाले, उजवा हात वर करा. इनोये यांनी डावा केला. उजवा हात दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, अमेरिकेसाठी लढताना गेला होता. ही हकिकत न्यूयॉर्कचे प्रतिनिधी लिओ ओब्रायन यांनी नोंदवून ठेवली. विधेयकं पुढे रेटणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

प्रश्न : प्रतिनिधीगृहातले हवाई प्रदेशाचे (मत नसलेले) प्रतिनिधी जॉन बर्न्स यांनी अलास्काला पुढे जाऊ दिलं. हा आपल्या लोकांशी दगा नव्हता का?

तेव्हा हवाईत अनेकांना तसंच वाटलं. १९५४मध्ये होनोलुलूच्या रस्त्यावर कागदाची प्रचंड गुंडाळी उलगडून एक लाखाहून अधिक सह्या गोळा झाल्या होत्या. एवढं करून रांगेत दुसरं उभं राहायचं? पण दोन्ही विधेयकं जोडली की दोघांचे विरोधक एक होत. १९५४मध्ये सिनेटने जोड-विधेयक मंजूर केलं, तरी ते प्रतिनिधीगृहात पुढे सरकलंच नाही. बर्न्स यांनी ही गाठ सोडली. अलास्का आत गेल्यावर हवाईला नाही म्हणायला सबबच उरली नाही : १९५९च्या मार्चमध्ये सिनेटमध्ये ७६-१५, दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीगृहात ३२३-८९. बर्न्स यांना काय मिळालं? त्याच वर्षी ते गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. १९६२मध्ये लोकांनी त्यांना निवडून दिलं. दगा तर नव्हेच. त्या काळातला सर्वांत धाडसी निर्णय तोच होता, असं मी म्हणेन.

प्रश्न : मूळ रहिवाशांना कुणी विचारलं का?

नीट विचारलं नाही. हवाईच्या सार्वमतात ‘राज्य’ किंवा ‘आहे तसंच’ एवढेच पर्याय होते. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली गेली होती; स्वातंत्र्याचा पर्याय मतपत्रिकेवर आलाच नाही. जवळपास सगळीकडून होकार आला. मूळ हवाईयनांची वस्ती असलेल्या निहाऊ बेटाने मात्र नकार दिला. अलास्कात नव्या राज्याला दहा कोटी एकरांहून अधिक जमीन निवडायचा हक्क मिळाला, आणि मूळ रहिवाशांचे दावे १९७१च्या कायद्यापर्यंत लोंबकळत राहिले. ज्या नेत्यांचं मी वर कौतुक केलं, त्यांच्याही नजरेतून हे सुटलं.

प्रश्न : कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको या अमेरिकी प्रदेशाला राज्य करा म्हणणारे तर पुष्कळ आहेत. मग अडतं कुठे?

फोर्ड, रेगन, थोरले बुश, तिन्ही रिपब्लिकन अध्यक्ष राज्याच्या बाजूने होते. २०२०च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतं होकाराची पडली. २०२२च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने पोर्तो रिकोच्या दर्जावर सार्वमत घेण्याचं विधेयक २३३-१९१ मतांनी मंजूर केलं; राज्य हा त्यातला एक पर्याय होता. सिनेटने ते हाती घेतलं नाही. आता रिपब्लिकनांना भीती आहे दोन डेमोक्रॅट सिनेटर वाढण्याची. या हिशेबाची गत काय होते ते अलास्काने दाखवलंय : ‘डेमोक्रॅट’ ठरवलेल्या या राज्याने अध्यक्षपदाला डेमोक्रॅट उमेदवार निवडला तो १९६४ साली, एकदाच. ‘रिपब्लिकन’ हवाईने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला फक्त १९७२ आणि १९८४मध्ये. तेव्हा पोर्तो रिकोबद्दल कुणी पाठिंब्याचं निवेदन काढलं तर मी एवढंच पाहतो, की हा माणूस सिनेटच्या कामकाजात तो विषय आणू शकतो का, आणि आणायला तयार आहे का.