वाचकांचे प्रश्न: मॅन्युअल कधी, ऑटो कधी?

प्रश्न: दोन वर्षं अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा) फोटो काढतोय. ‘मॅन्युअलशिवाय फोटोग्राफी येत नाही’ असं सगळे म्हणतात, म्हणून महिनाभर फक्त मॅन्युअल वापरलं. अ‍ॅपर्चर आणि शटर फिरवून मीटरचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाचा) काटा शून्यावर आणतो आणि क्लिक करतो. फोटो मात्र पूर्वीसारखेच येतात. माझं काय चुकतंय?

उत्तर: काटा शून्यावर आणणं, इथेच चुकतंय. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा नेमकं हेच करतो आणि तुमच्यापेक्षा कितीतरी लवकर करतो. त्याचं काम तुम्ही हाताने केलंत, म्हणून फोटोही त्याचेच आले.

मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून तो हिशेब करतो. अलीकडचे कॅमेरे चेहरा आणि दृश्याचा प्रकार ओळखून थोडी सुधारणा करतात, पण मूळ सवय तीच राहते. म्हणून पांढरी भिंत मळकट येते आणि काळा कोट राखाडी. पांढऱ्या भिंतीला +१ ते +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) द्यायचे आणि काळ्या कोटाला −१, हे तुम्हाला ठरवावं लागतं. ते अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॉम्पेन्सेशनच्या (मीटरच्या हिशेबात कमी-जास्त करण्याच्या) चकतीनेही होतं. तेवढ्यासाठी मॅन्युअलवर यायची गरज नाही.

मग मॅन्युअल कशासाठी? मोड निवडताना एकच गोष्ट बघा: विषयावर पडणारा प्रकाश बदलतोय, की फक्त त्याच्यामागची पार्श्वभूमी? प्रकाश स्थिर आणि पार्श्वभूमी बदलती असेल तर मॅन्युअल. प्रकाशच बदलत असेल तर ऑटो, म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीसारखा मोड.

उदाहरणार्थ, लख्ख उन्हात उडणारा बगळा घ्या. तो गर्द झाडीसमोरून जातो तेव्हा मीटरला अंधार दिसतो, कॅमेरा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवतो आणि पिसांचा सगळा पोत जातो. दोन सेकंदांनी तोच बगळा उजळ ढगासमोर येतो आणि सावलीसारखा काळा पडतो. बगळ्यावरचं ऊन या दोन सेकंदांत जराही बदललेलं नाही. इथे कॉम्पेन्सेशन फिरवत बसलात तर प्रत्येक वेळी मागेच राहाल. जुना ठोकताळा वापरा: लख्ख उन्हात, सूर्य पाठीशी असताना, एफ/१६ ला (एफचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर मोठं) शटर म्हणजे एक भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००. एफ/५.६ म्हणजे तीन स्टॉप जास्त उघडं, म्हणून शटर १/३२००. पांढऱ्या पिसांसाठी आणखी अर्धा स्टॉप कमी करा, एक फोटो काढून हायलाइट अलर्ट (अति उजळून तपशील गेलेल्या भागांवरची खूण) लुकलुकतो का ते बघा आणि मग ऊन तसंच असेपर्यंत काही हलवू नका.

ऊन लख्ख नसेल तर आपला तळहात कामी येतो. विषयावर जो प्रकाश आहे त्याच प्रकाशात तळहात धरा, स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधला छोटासा भागच मोजणाऱ्या) तो मोजा आणि काटा +१ वर आणा, कारण तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. तुम्ही सावलीत आणि विषय उन्हात असेल तर मात्र हे माप फसतं.

प्रश्न: रंगमंचावरचं नृत्य मॅन्युअलवर काढलं: १/५००, एफ/२.८. तरी काही फोटोंत चेहरे पांढरेफटक आणि काही बरोबर. मॅन्युअलमध्ये एक्स्पोजर आपोआप बदलतंच कसं?

उत्तर: आयएसओ ऑटोवर राहिला होता का, ते आधी तपासा. फोटोंच्या माहितीत प्रत्येक फ्रेमचा आयएसओ वेगळा दिसला तर दुखणं सापडलं. शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही बांधलंत, पण तिसरी कडी मोकळी राहिली, म्हणजे मोड नावापुरताच मॅन्युअल. रंगमंचाची पार्श्वभूमी काळी असते. नर्तकी फ्रेममध्ये लहान दिसली की काळोख वाढतो, कॅमेरा आयएसओ चढवतो आणि चेहरा अति उजळतो.

स्पॉटलाइट स्थिर असेल तर आयएसओही बांधून टाका. ३२०० पासून सुरुवात करा आणि चेहऱ्यावरचा अलर्ट थांबेपर्यंत खाली या. दिवे सतत बदलत असतील तर ऑटो आयएसओ राहू द्या, पण कॉम्पेन्सेशन −१ ते −१.५ ठेवा. नव्या बहुतेक कॅमेऱ्यांत ते मॅन्युअलमध्येही चालतं. हायलाइट सांभाळणारं मीटरिंग असेल तर ते या कामासाठी उत्तम.

आयएसओ सगळीकडे सारखाच निघाला, तर कारण दिव्यांत आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ला तुम्ही त्या लुकलुकीचा एखादाच तुकडा पकडता: कधी उजळ, कधी मंद. शटर १/१०० वर आणलं की हे थांबतं (६० हर्ट्झ असेल तर १/१२५). नृत्यातल्या वेगाला १/१०० अपुरं पडतं, तेव्हा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिवा उजळ असतानाच फोटो काढणारी सोय) असेल तर तो सुरू करा. काही एलईडी दिव्यांची लुकलुक याहून खूप जलद असते, तिथे हे आकडे लागू पडत नाहीत.

प्रश्न: १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) आहे. मॅन्युअलमध्ये एफ/३.५ ठेवून झूम केलं की फोटो काळवंडतो.

उत्तर: झूम करताना या लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर ३.५ वरून ५.६ पर्यंत आक्रसतं, म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडा जास्तच प्रकाश जातो. ऑटोमध्ये कॅमेरा ते भरून काढतो, मॅन्युअलमध्ये कोणीच नाही. सुरुवातीपासूनच एफ/५.६ ठेवा.

प्रश्न: ढगाळ दिवशी, ऊन-सावलीच्या खेळात चालत्या माणसांचे फोटो काढायचे आहेत. प्रत्येक वेळी शटर बदलताना क्षण निसटतो.

उत्तर: इथे मॅन्युअलचा हट्ट सोडा, यात काही कमीपणा नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/५.६ किंवा एफ/८, ऑटो आयएसओ, आणि त्याच्या मेनूत किमान शटर १/२५० ठरवून द्या. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. मग सावलीत शटर १/३० वर घसरतं आणि हलल्याचा दोष फोकसला दिला जातो. शटर प्रायॉरिटीत घोटाळा उलटा होतो: प्रकाश कमी पडला की लेन्स पूर्ण उघडते, अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकू लागतो आणि त्यापुढे फोटो काळाच येतो. ऑटो आयएसओ असेल तर ही अडचण बऱ्याच अंशी टळते.

प्रश्न: स्टुडिओ फ्लॅशसाठी मॅन्युअल, १/१६०, एफ/८, आयएसओ १०० ठेवलं की मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या छोट्या पडद्यावर) सगळं काळं दिसतं.

उत्तर: कॅमेरा फ्लॅश न धरता, खोलीतल्या उजेडात फोटो कसा येईल ते दाखवतोय. मेनूतलं एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा, व्ह्यूफाइंडर उजळेल. बाहेर फ्लॅशशिवाय फोटो काढायला निघालात की ते पुन्हा सुरू करा.