इमेज टाकली, पण मशीन बूट होईना

प्रश्न: जुन्या पीसीवरच्या विंडोज १० ची डिस्क इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत) नव्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडीच्या) मशीनवर टाकली. एकावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’, दुसऱ्यावर निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. इमेज खराब आहे का?

उत्तर: बहुधा नाही. हे दोन वेगळे बिघाड आहेत, औषधही वेगळं.

पहिल्या मशीनला बूट लोडरच, म्हणजे विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्रामच, दिसत नाही. जुनी डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) असणार आणि नवी मशीन फक्त यूईएफआयवर (बूटची नवी पद्धत, तिला जीपीटी ही नवी मांडणी लागते) चालते. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट-एफ१० दाबून कमांड विंडो उघडा आणि डिस्कपार्ट या पार्टिशनच्या टूलमध्ये ‘लिस्ट डिस्क’ पाहा. जीपीटीच्या रकान्यात चांदणी नसेल तर मांडणी बदलणारं ‘एमबीआर२जीपीटी’ टूल आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट पर्यायाने चालवा. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. चांदणी असेल तर ईएफआय पार्टिशनला (बूट फाइल्सचं छोटं पार्टिशन) एस हे ड्राइव्ह अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट’ कमांडने बूट फाइल्स नव्याने लिहा. इथे घाई नको: पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही, ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने खात्री करा.

निळा स्क्रीन म्हणजे लोडर सापडला, पण विंडोजकडे त्या स्टोरेज कंट्रोलरचा (डिस्क हाताळणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर नाही. इंटेलच्या नव्या मशीनवर बहुतेकदा व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं. बायोसमध्ये ते बंद करून पाहा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वापरत नसाल तर फरक पडत नाही. चालूच ठेवायचं असेल तर ‘डिस्म’ या विंडोजच्या टूलच्या ॲड-ड्रायव्हर पर्यायाने व्हीएमडीचा ड्रायव्हर इमेजमध्ये घाला. त्याला ड्रायव्हरची आयएनएफ फाइल लागते, सेटअपची ईएक्सई चालत नाही.