मिस्साबलिदान: यात बळी कुणाचा?

ठाण्यात कोलशेत रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या शेजारच्या कॅथलिक कुटुंबातल्या आजी वारल्या. महिना होत आल्यावर निरोप आला: ‘आजींच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून मिस्साबलिदान अर्पण करण्यात येईल, आपण यावे.’ ताई विचारतात की मिस्सा हा शब्द कुठला? बलिदान कुणाचं, चर्चमध्ये तर कुणी काही कापत नाही? आणि ‘प्रार्थनासभा’ किंवा ‘त्याग’ असा सरळ, मवाळ शब्द का वापरत नाहीत?

मिस्साचं आधी उरकून टाकतो, कारण ते सोपं आहे. मिस्सा म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस अर्पण करून होणारी कॅथलिकांची मुख्य उपासना. तिच्या लॅटिन विधीच्या अखेरीस ‘इते, मिस्सा एस्त’ असं म्हणत. म्हणजे ‘जा, आता निरोप’. या निरोपाच्या शब्दावरूनच पुढे सगळ्या विधीला मिस्सा हे नाव पडलं. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये वसई. मधल्या दोनशे वर्षांत पाव, चावी, बटाटा यांच्यासोबत पाद्री, क्रूस आणि मिस्साही मराठीत मुरले. शब्द स्त्रीलिंगी चालतो: ‘सकाळची मिस्सा’, ‘मिस्सेला गेलो’. जुनी माणसं ‘मिस्सा ऐकायला’ जातात. आता ‘मिस्सेत सहभागी होणे’ असं छापलं जातं आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. त्याचं कारण पुढे येईल.

खरा पेच ‘बलिदान’चा. ताईंचा कान दचकला यात नवल नाही. ‘डेंग्यूचे तीन बळी’, ‘अपघाताचा बळी’, ‘बळीचा बकरा’ हे आपण रोज वाचतो, त्यामुळे बळी म्हटलं की मेलेला, बहुधा नाहक मेलेला, कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. (‘बळी तो कान पिळी’ मधला बळी म्हणजे बलवान आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ मधला राजा, त्या दोघांचा इथे संबंध नाही.) पण मराठी घरांत याच शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत आहे. पितृपंधरवड्यात गच्चीवर पानात वाढून ठेवतात तो काकबळी. वैश्वदेवात जेवणाआधी भाताचे छोटे घास काढून ठेवतात ते बलिहरण. तिथे कोण मरतं? कुणीच नाही. बली म्हणजे आपल्या ताटातला काढून दिलेला वाटा. पशूचा बळी हा त्याचा एक प्रकार झाला, शब्दाचा सगळा अर्थ नव्हे. पुढे स्वातंत्र्यलढ्याने ‘बलिदान’ला देशासाठी प्राण देण्याचा अर्थ घट्ट चिकटवला.

ख्रिस्ती मराठीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, म्हणून तिथे हाच शब्द हवा. येशूने क्रूसावर प्राण दिला हे झालं एक बलिदान. आदल्या रात्रीच्या भोजनात त्याने भाकर मोडून ‘हे माझं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं’ म्हणून शिष्यांच्या हाती ठेवली, तो अर्पिलेला वाटा. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत पुरोहित तोच आणि अर्पण झालेलाही तोच. वेदीवरच्या त्या पातळ पांढऱ्या भाकरीला होस्ट म्हणतात. मूळ लॅटिन ‘होस्तिया’चा अर्थच बळी दिला जाणारा प्राणी असा आहे. म्हणजे ताईंनी विचारलेला बळी तिथे आहे, फक्त तो स्वतःहून आलेला आहे.

इथे एक गैरसमज हमखास होतो, म्हणून थोडा रेंगाळतो. दर रविवारी मिस्सा होते म्हणजे ख्रिस्ताला दर रविवारी पुन्हा बळी दिलं जातं का? नाही. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात ‘एकदाच’ हा शब्द ठासून आला आहे: पूर्वीचे याजक रोज उभे राहून तेच तेच यज्ञ करत, याने एकदाच स्वतःला अर्पण केलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं. क्रूसावरचं आणि वेदीवरचं बलिदान एकच आहे, वेगळी आहे ती अर्पण करण्याची रीत. तिथे रक्त सांडलं, इथे सांडत नाही. घडून गेलेलं आज इथे उपस्थित होतं, त्याची पुनरावृत्ती होत नाही. ‘मिस्साबलिदान’ या जोडशब्दात मिस्सा ही रीत सांगते आणि बलिदान हे तत्त्व.

आता ‘सहभागी’ कडे येतो. मिस्सेच्या मध्यावर लोकांतले दोघे-तिघे भाकर, द्राक्षारस आणि पाणी घेऊन वेदीपर्यंत चालत जातात. फादर पेल्यात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचा एक थेंब टाकतात. मागच्या बाकांवरून हे दिसतही नाही, पण पुढे बसलात तर नीट बघा. तो थेंब म्हणजे आपण. एकदा पडला की पुन्हा वेगळा काढता येत नाही. लगेच पुढे फादर लोकांकडे वळून प्रार्थना करायला सांगतात, त्यात ‘माझं आणि तुमचं बलिदान’ असा उल्लेख येतो. ‘तुमचं’ म्हणजे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजात याचं उत्तर आहे: सामान्य माणसाचं काम, प्रार्थना, संसार, विसावा, धीराने सोसलेल्या अडचणी, हे सगळं मिस्सेत प्रभूच्या शरीराबरोबर अर्पण होतं. रात्रपाळी करून आलेली नर्स, आजारी सासऱ्यांचं अंथरूण बदलणारी सून, घोडबंदरच्या वाहतुकीत रोज दोन तास घालवूनही घरी चिडचिड न करणारा माणूस, यांनी आठवडाभर जे दिलं ते या थेंबाबरोबर वर जातं. मिस्सा नुसती ‘ऐकायची’ असती तर आपलं काहीच अर्पण झालं नसतं.

म्हणूनच ‘त्याग’ मला अपुरा वाटतो. शब्द वाईट मुळीच नाही. वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी यागाची व्याख्याच ‘देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग’ अशी केली आहे आणि आहुती सोडताना ‘इदं न मम’ म्हणतात ते त्यामुळेच. पण आजच्या मराठीत त्यातलं ‘उद्देशून’ गळून पडलं. ‘मोठ्या भावाने शिक्षणाचा त्याग केला’ म्हटलं की आपल्याला सोडलेलं कळतं, कुणाच्या हाती दिलं ते कळत नाही. बलिदानात घेणारा असतो. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आमच्याकडे ‘त्याग’ हाच शब्द चालतो आणि तिथे तो शोभतो: शुक्रवारी मटण-चिकन नाही, कुणी गोड सोडतं, कुणी मोबाइल आवरतं. मात्र त्यातून वाचलेलं गरिबांपर्यंत पोचावं, असं चर्च शिकवतं. जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचं वचन येशूने स्वतः उच्चारलं आहे, त्याचा आशय असा की मला यज्ञ नको, दया हवी.

निरोपात पापाचा उल्लेख नसला तरी ताईंनी जाता जाता विचारलंय, ‘मिस्सा म्हणजे मृताच्या पापांचं प्रायश्चित्त का?’ शब्द जपून वापरायला हवा. पाप म्हटलं की आपल्याला ‘घडा’ आठवतो, भरतो आणि फुटतो. कॅथलिक शिकवणुकीत पाप म्हणजे देवाशी आणि माणसांशी असलेलं नातं दुखावणं. मिस्सेच्या सुरुवातीलाच सगळे छातीवर हात मारून कबुली देतात: विचाराने, शब्दाने, कृतीने आणि जे करायला हवं होतं ते न केल्याने. मला हा चौथा भाग सर्वांत कठीण वाटतो, कारण न केलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती, हे तिन्ही असलं तर पाप गंभीर. ते असेल तर आधी पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करायचं, मगच ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवर अर्पण झालेली ती भाकर, घ्यायचा. मिस्सा त्याची जागा घेत नाही. पापनिवेदनात फादर प्रायश्चित्त सांगतात ते क्षमा विकत घेण्यासाठी नव्हे. क्षमा मिळते ती देवाच्या दयेने, आणि प्रायश्चित्त पाळायचं बिघडलेलं सुधारण्यासाठी. मृतासाठी मिस्सा अर्पण करण्यामागे श्रद्धा ही की देवाच्या कृपेत गेलेल्यालाही शुद्धीची गरज उरू शकते आणि मागे राहिलेल्यांची प्रार्थना त्याला साथ देते. म्हणून आजींसाठी ‘प्रायश्चित्त’ म्हणू नका, ‘अर्पण’ म्हणा.

आणखी एक गोष्ट ठाणेकरांना सांगायलाच हवी. १३२१ मध्ये, पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी, चीनला निघालेले फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू या ठाण्यात थांबले आणि श्रद्धेपायी इथेच मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस त्यांतला एक. त्यांच्या अस्थी पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक नावाचा प्रवासी चीनला घेऊन गेला. आपण सहज म्हणू, ‘त्यांनी बलिदान केलं’. ख्रिस्ती मराठीत मात्र अशांना ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार असा आहे. हुतात्मा या शब्दात आहुती आहे, रक्तसाक्षीमध्ये साक्ष. बलिदान एकाचंच, बाकीचे त्याचे साक्षी, ही भूमिका शब्दांच्या निवडीतच दिसते.

‘प्रार्थनासभा’ इथे चालणार नाही. ती घरीही होते, फादरांशिवायही होते, तिथे वेदी लागत नाही. मराठी बायबलमधला ‘यज्ञ’ अर्थाने सर्वांत जवळचा, आणि ‘वेदी’ तर आम्ही रोज म्हणतो. पण ‘मिस्सायज्ञ’ बोलण्यात रुळला नाही, ‘मिस्साबलिदान’ रुळला. तो जोडून लिहावा. क्रियापद ‘अर्पण करणे’.

ताई, शेजाऱ्यांना ‘मिस्सेला येते’ एवढं कळवलंत तरी पुरे. सगळ्यांबरोबर उठा, बसा. ख्रिस्तप्रसादासाठी लोक रांगेने पुढे जातील तेव्हा जागेवरच थांबा, तो कॅथलिकांसाठी असतो आणि न गेल्याचं कुणाला वाईट वाटणार नाही. आजींचं नाव मिस्सेत मोठ्याने घेतलं जाईल, तेव्हा तुमच्या मनात त्यांच्यासाठी जे असेल तेही अर्पण करा.