स्पॅनिशमध्ये पदवी घेतल्यावर पुढे काय?
स्पॅनिश घेऊन बी.ए. केलं तर शिक्षकीपेशाशिवाय काही आहे का, असं विचारलंय. आहे, भरपूर आहे. अनुवाद, सबटायटल्स, पर्यटन, निर्यात कंपन्या. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते रुग्णालयातल्या दुभाष्याचं काम. १९८० साली फ्लोरिडात एका तरुणाच्या घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' म्हटलं, म्हणजे त्याला खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी तो इंग्रजीतला 'इन्टॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत, असा समजून उपचार केले. मेंदूतला रक्तस्राव कळायला उशीर झाला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. एका शब्दापायी! मात्र नुसत्या पदवीवर थांबू नका. जोडीला कायदा, अकाउंटिंग, नर्सिंग असं काहीतरी घ्या आणि डेले या स्पॅनिशच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची बी२ किंवा सी१ पातळी द्या. त्या प्रमाणपत्राला मुदत नसते.