कार्ड नव्हे, रांग अडली

प्रश्न : लिनक्ससाठी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिहितो आहे. पिंग (जोडणी तपासणारी छोटी पॅकेटं) दिवसभर चालतो, पण मोठी फाइल पाठवली की सगळं ठप्प. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' (पाठवणीची रांग वेळेत हलली नाही) येतं. कार्डच बिघडलं का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पिंग चालतो ना, मग आधी ड्रायव्हर तपासा. जिनिंगचं आवार भरलं की फाटक लावतात. कापसाच्या बंड्या रिकाम्या झाल्यावर ते कुणी उघडलंच नाही, तर रस्त्यावर रांग लागणारच. तसंच इथे : २५६ डिस्क्रिप्टरची रिंग (पाठवायच्या पॅकेटांच्या नोंदींची गोल यादी) भरली की तुम्ही 'नेटइफ स्टॉप क्यू' करता, म्हणजे क्यू (रांग) थांबवता. पाठवणी झाल्यानंतरच्या साफसफाईत 'नेटइफ वेक क्यू', म्हणजे ती पुन्हा उठवणं, राहिलं असावं. पिंगने रिंग भरतच नाही, म्हणून चूक लपते. वेळ ठरवून दिली नसेल, तर ५ सेकंदांनी वॉचडॉग (अडलेल्या रांगेवर नजर ठेवणारा कर्नलचा पहारेकरी) ओरडतो.

वेक घालूनही क्वचित अडकतं. तुम्ही रिंग भरलेली पाहिली, तेवढ्यात प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर साफसफाई उरकली, आणि मग तुम्ही क्यू थांबवली. आता उठवणार कोण? म्हणून थांबवल्यावर मेमरी बॅरियर (मेमरीतली कामं ठरल्या क्रमानेच व्हावीत अशी सूचना) घालून रिंगमधली जागा पुन्हा मोजा. असेल तर लगेच उठवा.

रिंग भरली म्हणून कर्नलला 'बिझी' (आत्ता जमत नाही) असं उत्तर परत करून वेळ मारून नेऊ नका. त्यातही पॅकेटचा बफर मोकळा केलात, तर कर्नल तेच पॅकेट पुन्हा पाठवायला जातो आणि कोसळतो.