मोबाईल स्टार्टरच्या (मोबाईलवरून विहिरीची मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या) बोर्डावर पाच व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर फार तापतो. त्याजागी छोटा स्विचिंग रेग्युलेटर कोणता घालावा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मांडणी अशी दिसते: १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, ७८०५, पुढे एक १एन४००७ डायोड आणि त्यावर सिम८००एल, म्हणजे सिमकार्डचं मोड्यूल. मोकळी जागा २५ बाय २० मिलिमीटर. असल्या पेट्या निपाणीपासून खानापूरपर्यंत विहिरींवर लटकल्या आहेत, आणि माझ्या टेबलावर येणारे निम्मे बोर्ड याच मांडणीचे असतात.

७८०५ तापणारच. ब्रिजनंतर १६ व्होल्ट धरा. सरासरी ०.३ अँपिअर ओढला तरी ११ गुणिले ०.३, म्हणजे ३.३ वॅटची शेगडी. त्यात तो डायोड. पाचाचे सव्वाचार व्होल्ट करायला घातलाय, कारण मोड्यूलची मर्यादा ४.४ आहे. पण सिम८००एल सिग्नल पाठवताना ५७७ मायक्रोसेकंदांसाठी २ अँपिअरपर्यंत ओढतो. तेवढ्यात डायोडवर एक व्होल्ट पडतो, ७८०५ मान टाकतो आणि मोड्यूल रीसेट होतो. दर तीन सेकंदांनी लुकलुकणारा दिवा मध्येच भराभर लुकलुकायला लागला की समजा, नेटवर्क नव्हे, सप्लाय गेला.

आता रेग्युलेटर. सगळे विचारतात, किती छोटा, किती अँपिअरचा. इनपुटला किती व्होल्ट सोसेल हे कुणी विचारत नाही, आणि मरतात ते तिथंच.

चिकोडीकडच्या एका मळ्यातला बोर्ड असाच आला होता. बोटाच्या पेराएवढं तयार बक मोड्यूल (व्होल्ट उतरवणारा स्विचिंग रेग्युलेटर), चिपच्या पाठीवर मोहरीएवढं भोक, शेजारचा २५ व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. मोड्यूलची मर्यादा २३ व्होल्ट. मालकाचं म्हणणं, "ट्रान्सफॉर्मर बाराचाच आहे की!" बाराचा आहे, पण २३० व्होल्ट आले तर, आणि पूर्ण लोडवर. रात्री शेजारच्या मोटरी बंद झाल्या की लाइन २६० च्या वर चढते: बाराचे साडेतेरा. लोड नसला की छोटा ट्रान्सफॉर्मर आणखी १५-२० टक्के वर जातो: सोळा. त्याला १.४१४ ने गुणा, ब्रिजचे १.४ वजा करा. एकवीसच्या वर आलात. तेवढ्यात मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची ४१५ व्होल्टची कॉइल सुटते, तिचा झटका त्याच वायरिंगमधून येतो, आणि २३ ची मर्यादा संपली.

म्हणून २८ व्होल्टची एमपी१५८४ चिपसुद्धा इथं नको. लोक म्हणतात टीव्हीएस (झटका गिळणारा) डायोड लावला की झालं. हिशेब बघा: एसएमबीजे२४ए हा डायोड २६.७ ते २९.५ व्होल्टला वाहायला लागतो, पण मोठ्या झटक्यात ३८.९ पर्यंत जाऊ देतो. तोवर २८ वाली चिप गेलेली असते. चिप ४० व्होल्टची हवी, मग हाच टीव्हीएस कामाचा.

माझी निवड एलएमआर१४०३०. ४ ते ४० व्होल्ट, ३.५ अँपिअर, आठ पायांची, पोटाखाली पॅड. ५०० किलोहर्ट्झवर चालवा. आउटपुट ४ व्होल्ट: फीडबॅकचा वरचा रेझिस्टर ४३ के (किलोओहम), खालचा १० के. तो १एन४००७ आता काढून टाका. इंडक्टर १० मायक्रोहेन्री, शील्ड असलेला, सॅच्युरेशन ४ अँपिअरच्या वर, ७ बाय ७ मिलिमीटरमध्ये मिळतो. शॉटकी डायोड एसएस३६ घ्या, एसएस३४ नको. त्याचे ४० व्होल्ट म्हणजे काठावर काम. ब्रिजनंतर १००० मायक्रोफॅरड, निदान ३५ व्होल्टचा. चिपच्या इनपुटला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, ५० व्होल्टचा, एक्स७आर जातीचा, मोठ्या अंगाचा. २५ व्होल्टचा छोटा सिरॅमिक २० व्होल्टवर अर्ध्याहून कमी उरतो. आउटपुटला २२ चे दोन सिरॅमिक, आणि सिम८००एलच्या पायाशी ४७० चा एक इलेक्ट्रोलायटिक.

मांडणीत एकच गोष्ट जिवापाड सांभाळा. इनपुटचा सिरॅमिक, चिप आणि शॉटकीचं ग्राउंडकडचं टोक, हा फेरा दोन-तीन मिलिमीटरात मिटवा. स्विच पायाचं तांबं लहान ठेवा. फीडबॅकची रेघ इंडक्टरखालून नेऊ नका. पॅडखाली भोकं पाडून मागच्या तांब्याला उष्णता द्या.

तयार मोड्यूलच हवं असेल तर खऱ्या एलएम२५९६ चं घ्या, ते ४० व्होल्टचं आहे. पण २५ बाय २० मध्ये बसणार नाही, आणि बाजारात नकली चिप बरीच आहे. खरी १५० किलोहर्ट्झवर चालते. स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) ५० च्या आसपास दिसली तर परत करा. कुठलंही मोड्यूल असो, त्यावरचा प्रीसेट (व्होल्ट कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर) आधी काढा. कॉन्टॅक्टरच्या दणक्यानं आणि धुळीनं त्याची सुई सुटते आणि चारचे थेट सोळा होतात. काढण्याआधी आउटपुटला हवे तेवढे व्होल्ट येतील असा तो फिरवून ठेवा, मग काढून मोजा आणि त्याजागी तितकाच पक्का रेझिस्टर सोल्डर करा.

बेळगावच्या उद्यमबागेत अजून ऐकू येतं, "स्विचिंग रानात टिकत नाही, ७८०५ ला मोठं हीटसिंक मार." अहो, ७८०५ टिकतो कारण तो इनपुटला ३५ व्होल्ट सोसतो. मग २३ वाल्या मोड्यूलशी त्याची तुलना करून सगळ्या स्विचिंगला नावं का ठेवायची? ४० ची चिप लावा आणि मग बोला. ट्रान्सफॉर्मरसुद्धा गार राहतो, कारण ०.३ अँपिअरऐवजी साधारण ०.१ च ओढला जातो.

एक मात्र कबूल. बोर्डावर सिम नसेल, नुसता मायक्रोकंट्रोलर आणि ५०-६० मिलिअँपिअर असतील, तर ७८०५ च राहू द्या. आणि मोटरचा करंट सीटीवरून (करंट ट्रान्सफॉर्मरवरून) मोजत असाल तर तो करंट आकड्यात वाचणाऱ्या एडीसीला स्विचिंगचे ४ व्होल्ट थेट देऊ नका. मध्ये ३.३ चा छोटा एलडीओ (लिनिअर रेग्युलेटर) घाला, नाहीतर ड्राय रनचा, म्हणजे पंप कोरडा चालल्यावर मोटर बंद करणारा, कट कधीही पडेल.

पेटीत बसवण्याआधी डिमरस्टॅटवर (लाइनचे व्होल्ट कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) १६० पासून २७० व्होल्टपर्यंत फिरवा, वरच्या टोकाला कॉन्टॅक्टर पन्नास वेळा मारा, आणि त्याच वेळी सिमवर कॉल लावून ४ व्होल्ट ३.६ च्या खाली जातात का ते स्कोपवर बघा. मल्टीमीटरला ते दिसत नाही.