'लायसेस्टर' नव्हे, लेस्टर: इंग्लंडातल्या गावांची नावं वाचायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएससीसाठी सप्टेंबरात लेस्टरला (Leicester) जायचंय, ऑफर लेटर आल्यापासून घरात प्रत्येक जण त्या गावाचा वेगळाच उच्चार करतोय, तर याला काही नियम आहे की सगळा मनमानी कारभार? आणि मराठीत लिहायचं कसं?

नियम आहेत, पण स्पेलिंगमध्ये शोधलेत तर सापडणार नाहीत. इंग्रज माणूस अशा नावात बहुधा पहिल्या भागावर जोर देतो आणि पुढचं निम्मं गिळून टाकतो. म्हणून नॉटिंगमच्या शेवटी 'हॅम' ऐकू येत नाही, पोर्ट्समथमध्ये 'माउथ' नसतो आणि ऑक्सफर्डला कोणी 'फोर्ड' म्हणत नाही. आपली सवय उलटी. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा मान देतो, तिथेच फसतो.

तुमच्या गावाचंच घ्या. शेवटी 'सेस्टर', 'चेस्टर' किंवा 'कॅस्टर' दिसलं की ती बहुतेक रोमन छावणीची जागा. लॅटिन 'कास्त्रा'चीच ही पोरं. उत्तरेत त्याचं लँकस्टर, डाँकस्टर झालं, काही ठिकाणी मँचेस्टर, कोल्चेस्टर, आणि 'सेस्टर' हे वळण इंग्लंड जिंकून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांच्या कारकुनांच्या हातचं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडातल्या जमिनींच्या जुन्या नोंदवहीत, लेस्टरची नोंद 'लेडेसेस्त्रे' अशी आहे. बोलण्यात मधला भाग झिजून गेला, कागदावर मात्र राहिला. ग्लॉस्टर (Gloucester), वुस्टर (Worcester), बिस्टर (Bicester) ही त्याच माळेतली. टोस्टर (Towcester) नावाचंही गाव आहे, आणि उच्चार खरोखरच ब्रेड भाजायच्या यंत्रासारखा. गंमत म्हणजे याच गावांवरून पडलेली लेस्टर, वूस्टर ही आडनावं बोलतात तशीच लिहिली जातात. माणसांनी स्पेलिंग सुधारून घेतलं, गावांनी नाही.

आता कोणी म्हणेल, मग सायरन्सेस्टर पूर्ण का उच्चारतात? खरी गोम इथेच आहे. त्याचाही जुना उच्चार तोडका होता, 'सिसिटर'च्या जवळचा. तो मागे पडला आणि छापलेली अक्षरं तोंडात परत आली. डॅव्हेंट्री गावाचं तेच. जुने लोक त्याला 'डेन्ट्री' म्हणत. १९२५ साली तिथे बीबीसीचं मोठं प्रक्षेपण केंद्र झालं, १९३२ पासून ब्रिटिश साम्राज्यभर जाणारं प्रसारणही तिथून व्हायला लागलं आणि ते नाव रेडिओवर जगाला ऐकू आलं ते 'डॅव्हेंट्री' असं. म्हणजे ही रस्सीखेच आहे. एका बाजूला पिढ्यान् पिढ्या गावात राहणारे, ज्यांनी नाव आधी ऐकलं. दुसऱ्या बाजूला बाहेरचे, ज्यांनी ते आधी वाचलं. लेस्टरसारख्या मोठ्या शहराचं नाव रोज लाखभर तोंडांत असतं, तिथे स्पेलिंगची डाळ शिजत नाही. लहान गावात बाहेरून आलेले वाढले की अक्षरं जिंकतात. श्रूजबरीत तर निकालच लागलेला नाही. काही 'श्रोजबरी' म्हणतात, काही 'श्रूजबरी', आणि दोन्हीकडचे अस्सल तिथलेच.

बाकीचं पटकन सांगतो. जोर नसलेल्या भागातला 'व' सहसा पडतो: वॉरिक, नॉरिच, ग्रेनिच, लंडनमधलं सदर्क. पण इप्सविचमध्ये तो ठणठणीत आहे, तेव्हा डोळे मिटून नियम लावू नका. डार्बी, बार्कशर, हार्टफर्ड यांच्या स्पेलिंगात 'अर' दिसतो आणि ऐकू येतो 'आर'. हे आपल्याला खरं तर नवीन नाही. मराठीत आपण क्लार्क आणि सार्जंट म्हणतो ते याच ब्रिटिश वळणाने, फक्त तेव्हा कोणी स्पेलिंग दाखवून आपल्याला घाबरवलं नव्हतं. रेडिंगचं स्पेलिंग 'रीडिंग'सारखंच (Reading), पण वाचनाशी काही संबंध नाही, ते रेडा नावाच्या कुणा सरदाराच्या माणसांचं गाव. (आपल्याकडे असतं तर या नावावर किती विनोद झाले असते!)

लेस्टरच्या आसपास मात्र तीन सापळे आहेत, ते आधीच पाठ करा. ग्रूबी: दिसायला 'ग्रोबी'. बीव्हर: तिथला किल्ला प्रसिद्ध आहे. नाव फ्रेंच, अर्थ 'सुंदर देखावा', लिहितात 'बेल्व्हॉर'सारखं आणि म्हणतात त्या दातेरी प्राण्यासारखं. तिसरं लफबरा (Loughborough). ते वाचून लोक काय काय म्हणतात याची खिल्ली खुद्द तिथलेच 'लूगाबरूगा' म्हणून उडवतात.

सराव फुकटात होतो. लंडनच्या सेंट पँक्रसहून लेस्टरकडे जाणाऱ्या मार्गावर वेलिंगबरा आणि मार्केट हार्बरा लागतात, लेस्टरच्या पुढे लफबरा. बहुतेक गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, पण थांबतील तिथे कान देऊन घोषणा ऐका आणि त्याच वेळी फलकावरचं नाव वाचा. कुठलीही यादी घोकण्यापेक्षा हे जास्त डोक्यात बसतं. चुकलात तरी कोणी हसत नाही, इंग्रजही दुसऱ्या जिल्ह्यात गेले की चाचपडतात. बीबीसीने १९२६ साली उच्चारांसाठी समिती नेमली आणि १९३० मध्ये फक्त इंग्लंडातल्या गावांच्या उच्चारांची पुस्तिका काढली, ती त्यांच्या स्वतःच्या निवेदकांसाठीच. आणि आपण तरी कुठे सोपे आहोत? जळगाव आणि जेजुरी यांतला 'ज' एकच लिहायचा आणि दोन तऱ्हांनी म्हणायचा, हे परप्रांतीयाला कोण समजावणार?

मराठीत लिहिताना माझं मत स्पष्ट आहे. देवनागरीत उच्चार लिहायची सोय आहे, तर तिथले लोक म्हणतात तसंच लिहा: लेस्टर, वुस्टर, ग्लॉस्टर. २०२४ मध्ये अजिंक्य रहाणे ज्या काउंटीकडून खेळला ती 'लेस्टरशर'. 'शायर' रुळलंय, त्यावरून मी भांडणार नाही, पण 'लायसेस्टरशायर' दिसलं की भांडेन. इंग्रजी अर्जात मात्र नाव ऐकू येतं तसं लिहू नका. व्हिसा, बँक, भाडेकरार, सगळीकडे स्पेलिंग पूर्ण हवं. आणि लंडनमधला लेस्टर स्क्वेअर वेगळा. तो सिनेमागृहांचा चौक आहे, तिथून तुमचं विद्यापीठ रेल्वेने तासाभराहून लांब.